सत्तावन्नावं पान

माणसाचं मन नेमकं कुठे संपतं, हे अजून कुठल्याच शास्त्राला छातीठोकपणे सांगता आलेलं नाही. आयला किवेलाचं मन मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी पावणेनऊला सत्तावन्नाव्या पानावर संपलं, आणि तेही मांजराच्या पुस्तकात. पुस्तक गुन्हे शोधणाऱ्या मांजराच्या मालिकेतलं चोविसावं होतं, मोठ्या टाइपाचं, लायब्ररीच्या प्लास्टिकच्या वेष्टनातलं. मुखपृष्ठावर लोकरीच्या गुंड्यांच्या टोपलीत टॅपिओका नावाची पांढरी मांजर बसली होती आणि मागच्या दारातून एका प्रेताचे फक्त बूट दिसत होते, कारण या मालिकेच्या वाचकांना प्रेताचा त्याहून अधिक भाग सोसत नाही. आयलाने नेहमीप्रमाणे पहिलं पान न उघडता सत्तावन्नावं उघडलं. खाली, पानाच्या आकड्याशेजारी, पेन्सिलची बारीक उभी रेघ होती, तिला उजवीकडे झुकलेला फाटा, आणि फाट्याच्या कुशीत एक टिंब. खूण तिचीच होती. म्हणजे पुस्तक वाचून झालं होतं. आणि त्यातलं अवाक्षर तिला आठवत नव्हतं.

सरोवराकाठच्या डुलुथमधल्या लायब्ररीच्या त्या शाखेत सत्तरी उलटलेल्या प्रत्येक वाचकाची अशी खूण असते. लायब्ररीला ते ठाऊक आहे आणि लायब्ररी काणाडोळा करते. मांजरांची पुस्तकं दिसायला सारखी, नावं सारखी, खूनही साधारण एकाच बेताचे. घरी नेऊन शंभर पानं वाचल्यावर ‘अरे, हा पाद्री आपण मागेच पकडलाय’ असं ध्यानात येण्यापेक्षा आधीच ठरलेल्या पानावर बघून घेतलेलं बरं. मर्लिन ओस्बी एकोणीस आकड्याभोवती गोल काढतो. फर्न शेवटच्या पानावर पाच पाकळ्यांचं फूल काढते. वॉल्टर जाऊन सहा वर्षं झाली, पण तेराव्या पानांवर तो अजून वाचतोच आहे. आयलाची खूण बंदरातल्या कचेरीतून आलेली. सत्तावन्न साली ती खनिजाच्या धक्क्यावर कारकून म्हणून लागली आणि पुढे एकतीस वर्षं, डोंगरावरून येणारी मालगाडी धक्क्यावर चढली की खिडकीतून एकेक वाघीण, म्हणजे खनिजाचा डबा, बघून कागदावर रेघ, फाटा आणि टिंब काढत राहिली. टिंबाला अर्थ होता. नुसती रेघ म्हणजे वाघीण आल्याचं कुणीतरी सांगितलं. टिंब म्हणजे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. टिंबाबद्दल ती फार काटेकोर होती. शेजारच्या टेबलावरची आर्लिस तेव्हा म्हणायची, “आयला, तू स्वर्गाच्या दारात सुद्धा आधी आत डोकावशील आणि मग टिंब देशील.”

असं हे पाचवं पुस्तक होतं. पहिलं जानेवारीत निघालं. हिवाळ्याच्या तोंडावर बर्फात पडून तिचं मनगट मोडलं, गाडी चालवणं बंद झालं, आणि तेव्हापासून दर सोमवारी आर्लिस कापडी पिशवीतून चार-पाच पुस्तकं आणून द्यायची आणि गुरुवारी जुनी परत न्यायची. जानेवारीतल्या एका सोमवारी पिशवीतल्या विसाव्या पुस्तकात खूण सापडली, तेव्हा आयलाला फक्त आश्चर्य वाटलं. वाचलं असेल. फेब्रुवारीत दुसरं आणि तिसरं निघालं तेव्हा ती खुर्चीत बसून राहिली आणि कॉफी गार झाली. तिसरं पुस्तक तिने मुद्दाम वाचायला घेतलं, काही आठवतंय का बघायला. दहाव्या पानापर्यंत सगळं ओळखीचं वाटलं. लोकरीचं दुकान ओळखीचं, दुकानाची मालकीण ओळखीची, बेकरीतला वास, घंटा वाजून उघडणारं दार, टॅपिओकाने खिडकीतून संशयिताकडे रोखून बघणं, सगळं. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग लक्षात आलं की तेविसावं पहिल्यांदा वाचतानाही सगळं ओळखीचंच वाटलं होतं. त्यासाठीच तर माणसं ही मालिका वाचतात. आपलं डोकं शाबूत आहे की नाही याची परीक्षा घ्यायला जगात याहून कुचकामी पुस्तक सापडलं नसतं. तिने ते मिटलं आणि पिशवीत टाकलं. मागच्या मंगळवारी तिने लायब्ररीतल्या टेसाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की मी गेल्या वर्षात काय काय नेलं त्याची यादी मिळेल का. टेसा मनापासून हळहळली. “आयला, पुस्तक परत आलं की आम्ही नोंद पुसतो. वाचक काय वाचतो हे कुणालाही कळू नये, म्हणून तसा नियमच आहे.” त्या कुणालाहीमध्ये आयलाही होती.

मुस्ती मेजावर चढून पुस्तकाचा वास घेऊ लागला. तो काळा बोका तेरा वर्षांचा होता आणि त्याने आयुष्यात कुठलाही गुन्हा उघडकीस आणला नव्हता. तिने त्याच्या मानेवर हात ठेवला. हाडं हाताला लागायला लागली होती. खिडकीबाहेर सरोवराचा बर्फ फुटला होता आणि किनाऱ्याशी त्याचे पांढरे तुकडे एकमेकांवर घासून किणकिणत होते, कपाटातली काचेची भांडी कुणीतरी लांबच्या खोलीत आवरतंय असा आवाज. आई शेवटी शेवटी अशीच भांडी आवरायची. कप काढायची, मोजायची, परत ठेवायची, आणि वडील जाऊन चार वर्षं झाल्यावर एका दुपारी दारामागे टांगलेल्या त्यांच्या कोटाला आपल्या फिनिश भाषेत म्हणाली होती, “आलात? बसा, शेगडी पेटवते.” आयला तेव्हा पन्नाशीची होती. तिने तो कोट त्याच संध्याकाळी गाडीत टाकून नेला. आई दुसऱ्या दिवशी रिकाम्या खुंटीशी बोलली. कोट न्यायला नको होता, असं आयलाला तेव्हापासून वाटतं. निदान कोटाला बाह्या होत्या.

पर्समध्ये फॉर्म होता. मिनियापोलिसला लेकीच्या, सोनियाच्या, घरापासून दहा मिनिटांवर वृद्धांची एक जागा आहे. स्वच्छ, जेवण बरं, भिंती पिस्ता रंगाच्या. मांजर चालत नाही. पक्षी आणि मासे चालतात. सोनियाने अर्ज मागवला, आईचं सगळं सुवाच्य अक्षरात भरून पाठवलं, आणि दर दोन दिवसांनी फोन करून “मी काही घाई करत नाहीये, आई, पण शुक्रवारच्या टपालात पडला पाहिजे” असं सांगत राहिली. शरदात एकदा शेगडी चालू राहिली होती. सोनियाच्या मते ती आईने ठेवली, आयलाच्या मते ते बटणच सैल होतं. अर्जातला अकरावा प्रश्न सोनियाने कोरा सोडला होता. अलीकडे विस्मरणाचा त्रास जाणवला आहे का? होय, नाही, दोन चौकोन, आणि बाजूला सूचना: योग्य ठिकाणी खूण करावी. आयलाने जानेवारीपासून तीनदा पेन्सिल हातात घेतली होती. खूण करायची तर टिंब द्यावं लागणार. आणि टिंब द्यायला आधी डोळ्यांनी पाहिलेलं असावं लागतं. आज पाचवी वाघीण समोरून गेली होती. तिने ठरवलं, लायब्ररीत मंगळवारच्या पुस्तकचर्चेला जायचं, बाकीचे काय म्हणतात ते ऐकायचं. पुस्तक सगळ्यांनाच पुसट आठवत असेल तर दोष पुस्तकाचा. एखाद्याला लख्ख आठवत असेल तर घरी येऊन ‘होय’वर खूण करायची. असला निवाडा डॉक्टरनेही इतक्या स्वस्तात केला नसता.

दहाला आर्लिस आली. एक्क्याऐंशी वर्षांची आर्लिस गाडीत शिरायची ती अंगात चिलखत चढवल्यासारखी, आणि चालवायची ती समोरच्याने बाजूला व्हावं अशा बेताने. वाटेत ती सुनेच्या आहाराविषयी बोलली. आयला हो म्हणत राहिली. लायब्ररीतल्या मागच्या खोलीत गोल टेबल, कॉफीचा थर्मास, मर्लिनने आणलेल्या लिंबाच्या वड्या. मर्लिनची बायको गेल्यापासून तो तिच्या वहीतून वड्या करतो आणि दर वेळी कुणी नावाजायच्या आत म्हणतो, “ती जास्त चांगल्या करायची.” टेसा बसली, तिने आयलाने आणलेलं पुस्तक मेजावर उभं केलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, “तर मग, पाचपैकी किती तारे?”

“दोन,” मर्लिन म्हणाला आणि वही उघडली. तो पस्तीस वर्षं टगबोटीवर होता. “एकशे बाराव्या पानावर जानेवारीत बोट कालव्याच्या दारांतून जाते. जानेवारीत बर्फामुळे दारं बंद असतात. हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. खुनी त्या बोटीतून पळतो, म्हणजे खुनी पळूच शकत नाही, म्हणजे पुस्तकच होऊ शकत नाही.”

“मर्लिन, मांजर गुन्हे शोधते ते तुम्हाला चालतं,” आर्लिस म्हणाली.

“मांजराचं मला काही कळत नाही. बोटींचं कळतं.”

“माझे पाच,” फर्न म्हणाली. फर्न स्वेटर विणत होती आणि टाक्यांवरून तिने नजर उचलली नव्हती.

“फर्न, तुमचा नंबर अजून लागायचाय ना? यादीत आयलानंतर तुम्ही,” टेसा म्हणाली.

“हो. पण मला आवडणार आहे.”

आयलाने कप दोन्ही हातांत धरला होता. मनगट जुळलं होतं, पण कपाचं वजन अजून कळायचं. तिला वाटलं, इथपर्यंत ठीक आहे. बोट, कालवा, जानेवारी. यात न विसरण्यासारखं काही नाही. तिने कप तोंडाशी नेला, तेवढ्यात मर्लिनने वही मिटली आणि वेगळ्या आवाजात म्हणाला, “ते शवपेटीवरचं मात्र मी जन्मात विसरणार नाही.” टेसाने मान डोलावली, “अगदी.” म्हातारा घड्याळजी जातो, आणि टॅपिओका त्याच्या शवपेटीवर जाऊन बसते, काही शोधत नाही, कुणाकडे रोखून बघत नाही, पाद्री उठवायला येतो तरी हलत नाही, आणि पान दीड पान लेखिका काहीच घडवत नाही. “चोवीस पुस्तकांत पहिल्यांदा,” मर्लिन म्हणाला, “ती नुसती मांजर होती. आमच्या घरची, बायको गेली तेव्हा, पलंगाच्या त्या बाजूला अशीच बसली होती. मी पुस्तक खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन आलो. दोन ताऱ्यांतला एक त्याचाच आहे.” फर्नच्या सुया थांबल्या होत्या. आयलाने डोक्यात शोधलं. घड्याळजी नव्हता. शवपेटी नव्हती. जिथे ते असायला हवं तिथे भिंतीवरून चौकट काढल्यावर उरतो तसा फिकट चौकोनसुद्धा नव्हता. सगळीकडे एकसारखा जुना रंग. पायांच्या तळव्यांतून थंडी वर चढत गेली, धक्क्यावरच्या कचेरीत फेब्रुवारीत चढायची तशी, आणि तिला वाटलं की बरं झालं, निदान कळलं तरी. मुस्तीला आर्लिस घेईल. आर्लिसला मांजरं आवडत नाहीत, पण घेईल.

“आयला, तुम्ही?” टेसा म्हणाली.

“तीन,” आयला म्हणाली. आवाज बरा लागला. “पहिल्यांदा वाचलं तेव्हा बहुतेक जास्त आवडलं असावं.”

आर्लिसने वडीचा तुकडा बशीत परत ठेवला. “पहिल्यांदा म्हणजे? काल तर दिलं मी तुला.”

“आधी वाचलेलं होतं. खूण आहे त्यात.”

आर्लिसने नॅपकिनने बोटं पुसली, एकेक, फार सावकाश, आणि म्हणाली, “मी एक तारा. मांजर काकडी खाते त्यात. टॅपिओका मेली तरी काकडी खाणार नाही.” त्यावर मर्लिन म्हणाला की मूळ लेखिका केव्हाच वारली असून आता तिचा जावई लिहितो असं त्याने ऐकलंय, आणि चर्चा उरलेला पाऊण तास जावयावर चालली.

परत निघाल्यावर पूल वर गेलेला होता. आयलाचं घर वाळूच्या पट्टीवर, पुलापलीकडे. बोट येत असली की पूल उचलतात आणि पट्टीवरच्या लोकांना वाट बघण्याखेरीज गत्यंतर नसतं. डॉक्टरकडे उशीर, चर्चला उशीर, लग्नाला उशीर. पूल म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. आर्लिसने इंजिन बंद केलं. मोसमातली पहिली बोट होती, हजार फुटांची, नाकावर बर्फ साचलेला, आणि इतकी हळू आत येत होती की बोट स्थिर आहे आणि किनाराच मागे सरकतोय असं वाटावं. धक्क्यावर लोक हात हलवत उभे होते.

“ती खूण मी केली,” आर्लिस म्हणाली.

आयलाने बोटीवरून नजर काढली नाही.

“एकतीस वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर बसले. सोनियाला गोवर आला तेव्हा पंधरा दिवस तुझ्या रेघा कोण काढत होतं? टिंबासकट. साहेबाला पत्ता लागला नाही.” आर्लिस स्टिअरिंगशी बोलत होती. “तुला पुस्तकं आणायला लागले तर आधी मी वाचायची. वाईट निघालं की तुला कशाला त्रास. नको वाचूस म्हटलं तर तू हट्टाने वाचणार. खूण दिसली की गप ठेवून देणार. म्हणून करायची.”

“पाच पुस्तकं?”

“पाच वाईट होती. मी काय करू?”

“मग आणायचीस कशाला?”

“नाही आणली तर तू विचारशील, विसावं का नाही आणलंस.”

यात खोट काढता येण्यासारखं काही नव्हतं. आयलाला हसू येईल असं वाटलं, पण आलं ते दुसरंच काही, आणि तिने तोंड खिडकीकडे केलं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. गार झालेल्या कॉफ्या. रोज सकाळी उठून आधी वार आठवायचा, मग तारीख, मग सोनियाच्या मुलांची नावं वयाच्या क्रमाने. दारामागच्या खुंटीवर स्वतःचाच कोट दिसला की नजर चुकवायची. हे सगळं एका बाईच्या चांगुलपणामुळे. तिने पर्सवर हात दाबून धरला. आत फॉर्मचा कोपरा कापडाला टोचत होता. “मला वाटलं, माझं डोकं गेलं,” ती म्हणाली. “आर्लिस, मी तीन महिने हेच धरून बसलेय.”

“हट् वेडे,” आर्लिस म्हणाली, आणि मग नवल वाटल्यासारखी वळली. “पण मी तुला सांगितलं होतं की. ख्रिसमसला, तुझ्याच स्वयंपाकघरात. म्हटलं, यापुढे रद्दी निघाली की मीच तुझी खूण ठोकून देणार. तू एवढी हसलीस की कॉफी नाकात गेली तुझ्या.”

बोटीने भोंगा दिला, एक लांब आणि दोन आखूड, आणि पुलाने तसंच उत्तर दिलं. गाडीच्या काचा थरथरल्या. आयलाने ख्रिसमस आठवला. भाताची खीर आठवली, तिच्यात लपवलेला एकुलता बदाम सोनियाच्या धाकटीला निघाला ते आठवलं. आर्लिसचा लाल स्वेटर आठवला. कॉफी नाकात गेली की डोळ्यांमागे जी झणझण होते ती तिला ठाऊक होती, पण ती ख्रिसमसची की कुठली, हे कळेना. की आर्लिसनेच मनात सांगितलं असेल आणि हसणारी आयलाही मनातच बसवली असेल? एक्क्याऐंशी म्हणजे काही थोडं वय नव्हे. मागच्याच महिन्यात ती गाडी कुठे लावली ते विसरून पोलिसांत गेली होती. दोघींपैकी एकीच्या डोक्यातून काहीतरी गेलं होतं किंवा दुसरीच्या डोक्यात नसलेलं काहीतरी आलं होतं. साक्षीला तिसरा मुस्ती होता फक्त.

“आठवतंय ना?” आर्लिसने विचारलं. तिच्या आवाजात काहीतरी बारीक हललं. आयलाने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आर्लिसचे हात गाडी बंद असूनही स्टिअरिंगला घट्ट धरून होते. आयलाच्या लक्षात आलं की हीसुद्धा रोज सकाळी वार आठवत असणार.

“आठवतंय,” आयला म्हणाली. ही नुसती रेघ होती. टिंब तिने दिलं नाही.

“मग?” आर्लिस म्हणाली आणि तिने इंजिन चालू केलं. पूल खाली यायला लागला होता.

घरी येऊन आयलाने मुस्तीला खायला घातलं, खुर्ची खिडकीकडे ओढली आणि चोविसावं पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. वाचताना जिथे उठावं लागलं तिथे खूण म्हणून पर्समधून हाताला आला तो कागद घातला. घड्याळजी चौऱ्याहत्तराव्या पानावर गेला. शवपेटीवरची मांजर दीड पानच होती, पण मर्लिनचं खोटं नव्हतं. आयलाने तेवढं दोनदा वाचलं आणि मध्ये एकदा मुस्तीकडे पाहिलं, तो झोपला होता. बाकीचं आर्लिस म्हणाली तसंच होतं. मांजर काकडी खात होती. पाच वाजता खुनी सापडला. तो दंतवैद्य होता आणि का मारलं ते त्यालाही नीट सांगता येत नव्हतं. आयलाने पेन्सिल घेतली, सत्तावन्नावं पान उघडलं आणि आर्लिसच्या खुणेखाली आपली काढली. शेजारी शेजारी बघितल्या तर आर्लिसचा फाटा जरा जास्त झुकलेला होता. सकाळी ते तिला दिसलं नव्हतं. गुरुवारी आर्लिस आली आणि पिशवी घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी सोनियाचा फोन आला. “आई, फॉर्म टाकलास ना टपालात?”

“नाही.”

“आई. कुठे आहे तो?”

आयलाने क्षणभर विचार केला. कुठे आहे ते तिला अगदी स्पष्ट आठवत होतं, पानाचा आकडा आणि फॉर्मचा कोपरा कसा दुमडला होता त्यासकट. अकरावा प्रश्न कोरा होता तेही. “विसरले बाई,” ती म्हणाली.

पुस्तक तोवर फर्नकडे गेलं होतं. फर्नला ते आवडलं.